होडी ऐसपैस हवी की वेगवान?

अमेरिकेत हौसेखातर वापरल्या जाणाऱ्या नोंदणीकृत होड्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. मिशिगन, मिनेसोटा, फ्लॉरिडा अशा राज्यांत तळी, नद्या आणि किनारे इतके आहेत, की आपल्याकडे घरोघरी दुचाकी असावी तशी तेथे पुष्कळ घरांच्या अंगणात ढकलगाड्यावर चढवलेली मोटारहोडी दिसते. अशी होडी घ्यायला निघालेल्या कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. दुकानात दोन होड्या शेजारी शेजारी असतात. दोन्ही साधारण सात मीटर लांबीच्या, किमतीतही फारसा फरक नाही. एक रुंद, चहूबाजूंनी गाद्यांची आसने, वर छत, पुढे लहानशी खोली, झोपायला जागा, संडाससुद्धा! दुसरी निमुळती, बुटकी, चार-पाच माणसांपुरती. पण मागे दणदणीत इंजिन. पहिली घ्यावी तर पोरे म्हणतात, ही तर बैलगाडी आहे. दुसरी घ्यावी तर आजी बसणार कुठे?

मग एखादे चौकस पोर विचारते, की दोन्ही गुण एकाच होडीत का नाहीत? मोठ्या मोटारगाडीत नाही का जागाही असते आणि वेगही? हा प्रश्न वरवर बाळबोध वाटतो. पण त्याच्या उत्तरात आर्किमिडीज, लाटा, गुरुत्वमध्य आणि गतिज ऊर्जा असे नववी-दहावीचे निम्मे भौतिकशास्त्र येऊन जाते. म्हणून तो येथे जरा सविस्तर पाहू.

पाणी हटत नाही

मोटारगाडीचे वजन रस्ता पेलतो, आणि गाडी पुढे जाताना रस्त्याला बाजूला सरकावे लागत नाही. होडीचे तसे नाही. दोन टन वजनाची होडी तरंगते तेव्हा तिने दोन टन पाणी आपल्या जागेवरून हटवलेले असते, हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून आपण जाणतो. होडी उभी असेल तर हे काम एकदाच. पण ती स्वतःच्या लांबीइतकी पुढे गेली, की तेवढेच पाणी पुन्हा बाजूला सारावे लागते आणि मागे पडलेली पोकळी पाण्याने पुन्हा भरून यावी लागते. सावकाश गेल्यास पाणी निमूट बाजूला होते. घाई केली की ते नाळेपाशी वर उसळते आणि त्याची लाट होते. लाट उठवायला लागणारी ऊर्जा इंजिनातूनच येते, म्हणजे शेवटी आपल्या खिशातून.

या लाटांचा पद्धतशीर अभ्यास विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) या इंग्रज अभियंत्याने केला. १८६७ साली त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या नावांच्या दोन घाटांच्या प्रतिकृती लहानमोठ्या मापांत बनवून पाण्यात ओढून पाहिल्या. एकीचा घाट धारदार, दुसरीचा गुबगुबीत. कोणती सरस? निकाल मोठा मासलेवाईक निघाला. कमी वेगाला एक सरस, जास्त वेगाला दुसरी! म्हणजे वेग सांगितल्याखेरीज ‘चांगला आकार कोणता’ या प्रश्नाला अर्थच नाही. पुढे १८७२ च्या सुमारास टॉर्की गावी त्याने प्रतिकृतींची चाचणी घेण्यासाठी लांबलचक हौद बांधला. आज जगभर जहाजांच्या प्रतिकृती अशाच हौदांत तपासतात.

आता या लाटांची एक गंमत पाहा. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीवर, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो. लांबी मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि १.२५ ने गुणावे, की वेग दर सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. चार मीटर लांबीची लाट सेकंदाला अडीच मीटर जाते, नऊ मीटरची पावणेचार मीटर, सोळा मीटरची पाच मीटर.

होडीने उठवलेली लाट होडीबरोबरच चालते, म्हणून होडीचा वेग वाढला की लाटही लांब होत जाते. शेवटी असा वेग येतो, की लाटेचा एक माथा नाळेपाशी आणि दुसरा अगदी मागच्या टोकाला असतो. होडी दोन माथ्यांमधल्या खोलगटात बसल्यासारखी होते. यापुढे आणखी वेग द्यायला गेलात, की मागचा माथा होडीच्याही मागे सरकतो, होडीची पिछाडी खोलगटात खचते, नाळ वर होते, आणि बिचारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. चढ तिच्याबरोबरच पुढे पळत असतो, त्यामुळे तो कधी संपत नाही! इंजिनाचा जोर दुप्पट केला तरी वेग जेमतेम वाढतो.

आपल्या सात मीटरच्या होडीसाठी हा उंबरठा किती? सातचे वर्गमूळ सुमारे २.६५, त्याला १.२५ ने गुणले की ३.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. सायकलस्वार सहज मागे टाकील असा हा वेग. शंभर मीटर लांबीच्या जहाजाला मात्र हाच उंबरठा ताशी ४५ किलोमीटरला येतो. मोठी जहाजे अवाढव्य असूनही झपाट्याने का जातात, याचे निम्मे उत्तर त्यांच्या लांबीत आहे.

उंबरठा ओलांडण्याच्या दोन वाटा

पहिली वाट अंगाने सडपातळ होण्याची. होडी फार निमुळती असेल तर ती लाटच क्षुल्लक उठवते आणि मग चढही क्षुल्लक. चार्ल्स पार्सन्स याच्या ‘टर्बिनिया’ या नौकेने हे १८९७ साली सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध केले. ब्रिटिश आरमाराच्या संचलनाच्या वेळी स्पिटहेड येथे ही नौका युद्धनौकांच्या रांगांमधून ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने पळाली. तिला गाठू शकेल अशी नौका तेथे नव्हती. लांबी एकतीस मीटरांहून थोडी अधिक, रुंदी अवघी पावणेतीन मीटर. पोटात नवे बाष्पचक्री इंजिन होते हे खरे. पण अकरापट लांबीचा तो सळसळीत आकार नसता तर इंजिनाचा जोर लाटा उठवण्यातच गेला असता. न्यूकॅसलच्या संग्रहालयात ती अजून पाहायला मिळते. तिच्यात कुटुंब मात्र मावणार नाही.

दुसरी वाट पाण्यावर चढून बसण्याची. तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की ती टप्पे घेत जाते. खापरी पाण्यापेक्षा जड, तरी बुडत नाही. कारण ती वेगाने पाण्यावर आपटते तेव्हा पाणी खाली ढकलले जाते आणि प्रतिक्रिया म्हणून खापरी वर ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम. वेगवान होडी हेच अखंडपणे करते. तिचा तळ मागच्या बाजूला सपाटसा असतो, कडा टोकदार असतात आणि पिछाडी एकदम कापल्यासारखी असते. त्यामुळे पाणी तळाला चिकटून वर न चढता सरळ सुटून जाते. वेग पुरेसा झाला की होडीचे बरेचसे वजन उत्प्लावक बलाऐवजी या धडकेच्या जोरावर पेलले जाते, होडी वर उचलली जाते आणि लाटेचा चढ मागे टाकून पाण्याच्या पृष्ठावरून सरकू लागते. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना तो क्षण आठवत असेल. आधी नाळ आभाळाकडे, समोरचे काही दिसत नाही, इंजिन ओरडते आहे; मग एकाएकी नाळ खाली येते आणि होडी मोकळी झाल्यासारखी पळते.

सरकत्या होडीला वजन अजिबात खपत नाही. होडी-अभियंते एक ठोकताळा वापरतात : अशा होडीचा वेग हा इंजिनाची शक्ती भागिले वजन, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. समजा, होडी, इंधन आणि दोन माणसे मिळून दीड हजार किलो वजन आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर मिळतो. आणखी सहा माणसे व त्यांची डबे-पिशव्यांची बिऱ्हाडे मिळून चारशे किलो वाढले, तर वेग ताशी ५३ वर येईल. हे तसे सुसह्य आहे. पण वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती चौपट लागेल, आणि चौपट शक्तीचे इंजिन स्वतःच जड असते, त्याला इंधनही अधिक लागते, ते इंधनही जड! हे दुष्टचक्र ओळखीचे वाटेल. अग्निबाणाचे गणितही याच अंगाचे आहे.

आता ऐसपैस होडीकडे वळू. खोली, छत, पाण्याची टाकी, शेगडी, शीतपेटी, सगळ्यांचे वजन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. तरीही ती सरकण्यासाठीच बनवलेली असू शकते आणि रिकामी असताना सरकतेही. दुकानदार एकटा तुम्हाला फेरी मारून आणतो तेव्हा ती झकास पळते. पुढच्या रविवारी आठ माणसे आणि बर्फाच्या पेट्या घेऊन निघालात, की तीच होडी त्या चढावर अडकते. नाळ वर, पिछाडी खाली, इंजिन पूर्ण जोरात, वेग ताशी वीस-पंचवीस. ही सर्वांत वाईट स्थिती. इंधनाचा चट्टामट्टा होतो आणि मागे उठणाऱ्या लाटा इतक्या मोठ्या असतात, की काठाची माती ढासळते आणि शेजारच्या लहान होड्या हिंदकळतात. पूर्ण वेगात सरकणारी हलकी होडी त्या मानाने पाणी कमी ढवळते. ‘वेगवान ती त्रासदायक, संथ ती गरीब’ हा समज येथे उलटा पडतो. माझ्या मते होडी घेणाऱ्याने एकच अट घालावी : चाचणी घ्यायची ती घरची सगळी माणसे आणि सगळे सामान घेऊन.

आपटणारा तळ

सरकायला सपाट तळ उत्तम. पण समुद्र सपाट नसतो. सपाट तळाची होडी लाटेच्या माथ्यावरून सुटून पुढच्या लाटेवर आपटते तेव्हा पाणी जवळजवळ जमिनीसारखे लागते. हात सपाट ठेवून पाण्यावर मारून पाहा, आणि मग बोटे खाली करून पाचरीसारखा घाला. अमेरिकेतील रे हंट या रचनाकाराने होडीचा तळ नाळेपासून थेट मागच्या टोकापर्यंत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल केला. १९६० साली मियामी ते नासाऊ या शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम याने अशी ‘मॉपी’ नावाची होडी खवळलेल्या समुद्रातून हाकून पहिला क्रमांक मिळवला, आणि त्यानंतर खुल्या समुद्रावरच्या वेगवान होड्यांचा चेहराच पालटला.

या सुखाचीही किंमत असतेच. पाचरीसारखा तळ पाणी खाली ढकलण्याऐवजी बाजूला फेकतो. त्यामुळे उचल कमी आणि इंजिनाला काम जास्त. शिवाय होडी उभी असताना ती डावी-उजवीकडे अधिक डुलते, म्हणजे नांगर टाकून जेवायला बसणाऱ्यांची पंचाईत. आणि खोल तळ असला तरी धक्के अगदी नाहीसे होत नाहीत. वेगवान होडीत सर्वांत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्यांना इजा झाल्याच्या घटना ब्रिटनमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. मुलांना ‘पुढे बसायचे’ असते, बसवावे मागेच.

रुंदीचा घन

ऐसपैस होडीच्या बाजूने आता बोलायला हवे. होडी कलते तेव्हा तिची एक बाजू अधिक बुडते, त्या बाजूला उत्प्लावक बल वाढते आणि ते तिला पुन्हा सरळ करते. हे सरळ करणारे बळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोन मीटर रुंदीची होडी अडीच मीटर केली, बाकी लांबी आणि वजन तेवढेच राहिले, तर सव्वाचा घन म्हणजे सुमारे १.९५, अर्थात जवळजवळ दुप्पट! अर्ध्या मीटरने एवढा फरक पडतो. आजी-आजोबा, लहान मुले, एका बाजूने पाण्यात उतरणारे पोहणारे, यांच्यासाठी रुंद होडी हीच शहाणपणाची.

पण तिच्या शत्रूचा मुक्कामही तिच्यातच असतो. जागा आहे म्हणून माणसे भरतात, छत आहे म्हणून छतावर चढतात, आणि गुरुत्वमध्य वर जातो. वर्गात हे सहज दाखवता येते. आइस्क्रीमचा चौकोनी डबा बादलीत तरंगत ठेवा, तळाशी चार-पाच नाणी टाका, किंचित कलवून सोडा. डबा सरळ होईल. आता तेवढ्याच नाण्यांची चळत डब्यात उभ्या केलेल्या उंच झाकणाच्या टोकावर चिकटवा आणि तोच प्रयोग करा. वजन तेच, डबा तोच.

२४ जुलै १९१५ रोजी शिकागोत ‘ईस्टलँड’ हे सहलीचे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच नदीत आडवे झाले. कारखान्यातील कामगार कुटुंबांसह सहलीला निघाले होते. ८४४ माणसे गेली. मुळात वरून जड असलेल्या या जहाजावर जीवरक्षक नावांची आणि तराफ्यांची नवी भर पडली होती. ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमांमुळेच! आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. वादळी लाटेने बोट कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे वाचलेल्यांच्या हकिगतींत येते. माणूस म्हणजे सरकणारे वजन. तेव्हा होडी कलू लागली तर जागा सोडू नये, शक्य तर खाली बसावे, हे मुलांना पाठ्यक्रमात नसले तरी सांगावे.

अमेरिकेत वीस फुटांहून लहान मोटारहोड्यांवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची पाटी लावणे बंधनकारक आहे. पाटी नसेल तर एक साधा हिशोब करतात : फुटांतील लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा. अठरा फूट लांब आणि सहा फूट रुंद होडीत सात माणसे. तीही शांत पाण्यात.

ब्रेक नसलेले वाहन

वेगाचा दुसरा हिशोब गतिज ऊर्जेचा. दीड टनाची होडी ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सात मीटर वेगाने जाते आहे. तीच ताशी ७२ ने, म्हणजे सेकंदाला वीस मीटरने गेली तर ऊर्जा आठपट होते. होडीला ब्रेक नसतो. तिला रोखते ते पाणी, आणि पाण्यावर चढून बसण्यातच तर आपण सगळी हुशारी खर्च केलेली असते. चालकाच्या लक्षात यायला दोन सेकंद लागले तर चाळीस मीटर अंतर तेवढ्यातच संपते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान होडी ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली आणि दहाहून अधिक माणसांचे प्राण गेले. संथ, भरलेली लाँच आणि वेगवान होडी एकाच पाण्यात असल्या की संथ होडीतील माणसेही दुसऱ्याच्या वेगाची किंमत मोजतात.

म्हणून लहान होड्यांच्या चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावी, असा नियम अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून आहे. चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन थांबते. नाहीतर मोकाट होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. जीवरक्षक जाकिटाबद्दल तर बोलायलाच नको. तेथे बुडून मरणाऱ्या दर दहा जणांपैकी आठांहून अधिक जणांनी ते घातलेले नसते. होडीत ते असते, आसनाखाली!

दोन काठ्यांची होडी

दोन्ही गुण एकत्र आणण्याचा एक जुना तोडगा आहे. मालवणकडे रापणीच्या होडीला बाजूला उलांडी बांधलेली अनेकांनी पाहिली असेल. अरुंद होडी आणि दूरवर बांधलेले तरते लाकूड. घाट सडपातळ राहतो आणि टेकू मात्र रुंद मिळतो. दोन सडपातळ अंगे शेजारी ठेवून वर फळी टाकली की तयार होते ती कॅटमरान. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींत अशी पाहायला मिळते. अमेरिकेतील तळ्यांवर ॲल्युमिनियमच्या दोन-तीन नळकांड्यांवर अंगणाएवढी फळी टाकलेल्या ‘पाँटून’ होड्या कुटुंबांच्या आवडीच्या आहेत, त्या याच कुळातल्या. अंगे दोन झाल्याने ओले होणारे पृष्ठ आणि घर्षण वाढते, धक्क्याला जागा जास्त लागते, उंच लाटांत मधल्या फळीला खालून तडाखे बसतात. पण शांत पाण्यावर दहा माणसांना घेऊन दुपार घालवायची असेल तर मी हीच निवडीन. समुद्राची सवय असलेले दोघे-तिघे असतील, दूरचे बेट गाठायचे असेल, तर खोल तळाची चपळ होडी. आणि अधूनमधून पाण्यावर रात्र काढायची हौस असेल तर रुंद, संथ होडी घ्यावी आणि ताशी दहा-अकरा किलोमीटरने समाधानाने जावे. त्या वेगाला तिचे लहानसे इंजिनही भारी पडते.

किनाऱ्यालगतच्या शाळांसाठी एक उपक्रम सुचवतो. संथ जाणाऱ्या लाँचचे बाजूने छायाचित्र घ्या आणि तिच्या अंगालगत लाटेचे माथे कुठे आहेत ते पाहा. बारा मीटर लांबीच्या लाँचला नाळेपाशी एक, मध्यावर दुसरा आणि मागे तिसरा माथा दिसला, तर लाटेची लांबी सहा मीटर. सहाचे वर्गमूळ सुमारे २.४५, गुणिले १.२५; वेग सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. मग धक्क्यावरच्या दोन खांबांमधले अंतर मोजून, घड्याळ लावून तोच वेग पुन्हा काढा. ओहोटीच्या वेळी दोन उत्तरांत फरक पडेल. तो का पडतो हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.